झालं का, ते सांगायला परत या

आमच्या ग्रुपवर नुसतं 'अर्जंट हेल्प प्लीज' लिहिणाऱ्याला मुद्दाम तासभर उत्तर न देणारा माणूस आज सकाळी गेला.

भोकरचे रशीदचाचा.
आयुष्यभर शिलाई मशीन दुरुस्त केल्या. आम्हा टेलर लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन.

मी नायगावची. प्रत्यक्ष भेट एकदाही नाही. जाऊ जाऊ म्हणत राहून गेलं.

नियम त्यांनी ग्रुपच्या वरच लिहून ठेवलेले.
मशीन कोणती ते लिहा. फोटो उजेडात काढा. स्वतः काय काय खोललं ते आधी सांगा.
आणि काम झालं का, ते सांगायला परत या.

कुणी गुड मॉर्निंगचं फूल टाकलं की चाचा शांतपणे विचारायचे, "ही कोणती मशीन हाय?"

मी नवीन होते तेव्हा मशीनचा फोटो टाकून लिहिलं, 'मशीन टाके सोडून राहिली, काय करू?'
सुई बदला, तेल घाला, धागा बदला. दहा जणांनी दहा उपाय सांगितले. दोन दिवस गेले. शाळेचे गणवेश तसेच पडून, आया दारात उभ्या.

खरं काय ते मी लिहिलंच नव्हतं. व्हिडिओ बघून सुईच्या दांडीचा स्क्रू मीच ढिला केला होता. ग्रुपवर सगळे जुने कारागीर. हसतील म्हणून लाज वाटली.

चाचांचा फोन आला.
"बेटा, दांडीचा स्क्रू तू खोलला ना?"
"न्हाई चाचा."
"फोटोत स्क्रूची खाच चमकून राहिली. कालपरवाच स्क्रूड्रायव्हर लागलाय."
मी तो फोटो परत बघितला. खाच खरंच चमकत होती.
"खोलला तर खोलला. पण सांगितलंच न्हाई तर मी इथं बसून काय बघू?"

फोनवरच दांडी बसवून घेतली. मग चाचांनी स्वतः ग्रुपवर लिहिलं, की शिकाऊ असताना उस्तादांची नवी मशीन खोलली, जोडता येईना, तर तीन दिवस दुकानाकडे फिरकलो नव्हतो.
माझं नावही घेतलं नाही.
दुसऱ्या दिवशी मीच सगळं खरं लिहिलं. कुणी हसलं नाही.

ज्या प्रश्नाखाली 'झालं' आलं नाही, तो चाचा फोनमध्ये स्टार करून ठेवायचे. 'झालं' आलं की स्टार काढायचे.
मी एकदा चिडवलं, "चाचा, किती मागं लागता लोकांच्या."
म्हणाले, "उद्या दुसऱ्याची मशीन अशीच बिघडली तर त्यानं काय वाचावं? नुसते सवाल?"

मागच्या महिन्यात माझ्या इंटरलॉक मशीनचा धागा सारखा तुटत होता.
चाचांनी लिहिलं, 'धागा ज्या कड्यातून जातो तिथं बोट फिरव. खाच लागंल. बारीक पॉलिश पेपरनं घास.'
खाच होती. घासली. पाच मिनिटांत मशीन सुरू.
लग्नाचे ब्लाउज होते, तशीच शिवायला बसले.

दोन दिवसांनी त्यांचा मेसेज. 'झालं का बेटा?'
मी वाचला. उद्या लिहू म्हटलं. आणि विसरले.
नवीन लोकांना हाच नियम सांगणारी मी.

आज त्यांच्या मुलाचा फोन आला.
"ताई, अब्बू गेले. ग्रुपवर कळवायला त्यांचा फोन उघडला. एकच स्टार होता. तुमचा."
मी हातातलं शिवण बाजूला ठेवलं.
"दवाखान्यात पण विचारत होते, नायगावच्या पोरीचं इंटरलॉक झालं का म्हणून."
"कधीचं झालंय हो," मी म्हटलं.
"मग लिहा ना ग्रुपवर."

लिहिलं. त्यांच्या नियमानं.

'तीन धाग्यांची इंटरलॉक मशीन. धागा तुटत होता. चाचांनी सांगितलं तसं कडं घासलं. झालं. त्याच दिवशी झालं होतं. कळवलं नाही, ही माझी चूक.'

थोड्या वेळानं मुलाचा मेसेज आला. 'स्टार काढला, ताई.'

चाचा, आता निवांत पडा.
नायगावच्या पोरीचा शेवटचा सलाम.