जाळीच्या दारापलीकडची मर्सीताई

आईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. आई दुपारी सहसा फोन करत नाही, म्हणून लगेच उचलला. "मर्सी दार उघडत नाहीये," ती म्हणाली. मागून गाड्यांचा आवाज येत होता. मी विचारलं, "आई, तू कुठून बोलतेस?" "तिच्या दारातून. मंगळवार असून आली नाही, म्हणून बघायला आले. ट्रिपल झीरोला, अँब्युलन्ससाठी, फोन केलाय मी. पत्ता नीट सांगितला." आमच्या घरी चोरी झाल्यापासून जिने एकटीने घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, ती माझी आई तळ्याला वळसा घालून, रस्ता ओलांडून मर्सीताईच्या दारात उभी होती. मर्सीताई स्वयंपाकघरात पडलेली सापडली. हॉस्पिटलात ती शुद्धीवर आलीच नाही... दुसऱ्या दिवशी गेली. महिना होऊन गेला, तरी तिच्याबद्दल 'होती' म्हणताना माझी जीभ अडखळते.

स्प्रिंगफील्ड लेक्स या आमच्या उपनगरातल्या आपल्या मराठी मंडळींत ती 'पोलीसवाली मर्सी' म्हणून ओळखली जायची. खरं तर ती पोलीस नव्हती. पोलीस स्टेशनची स्वयंसेवक होती. अंगात त्यांचा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बस्स. ना हत्यार, ना कुणाला पकडायचा अधिकार, ना पगार. ती मूळची वसईची, तिथल्या शाळेत शिकवायची. नवरा गेल्यावर मुलाकडे इथे आली, आणि पुढे मुलगा नोकरीसाठी पर्थला गेला तरी इथेच राहिली. स्टेशनचं काम का धरलं असं मी एकदा विचारलं होतं. "एकटीला घरात भीती वाटायची गं," ती म्हणाली, "म्हटलं, आपल्यासारखे आणखी असतील, त्यांच्याकडे तरी जाऊ." शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये लोकांच्या गाड्यांच्या नंबर प्लेटला चोरांना काढता न येणारे स्क्रू बसवून देणं, गणपतीच्या कार्यक्रमात उभं राहून "सोनं डाळीच्या डब्यात ठेवू नका, चोर आधी तेच डबे उघडतात" असं बजावणं, हे सगळं ती करायची. बायका खो खो हसायच्या. मीही हसले होते. आमच्या तूरडाळीत तेव्हा आईच्या पाटल्या होत्या.

पाटल्या चोरीला गेल्या, त्याचं फार वाटलं नाही. वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. चोर भरदुपारी घरात शिरला तेव्हा आई आतल्या खोलीत पडली होती. पावलं वाजली, तिला वाटलं मी लवकर आले. तिने पडल्या पडल्याच हाक मारली, "स्मिता, चहा टाक गं." पावलं थांबली... आणि मग धावत सुटली. त्या दिवसापासून आईने कुणालाही चहा टाक म्हटलं नाही. दाराला कडी, खिडक्यांना पडदे, बेल वाजली की बाथरूममध्ये जाऊन बसायची. पुण्याला परत पाठव, एवढं एकच मागणं. पुण्याला तिचं कोण होतं? फ्लॅट विकलेला, भाऊ गेलेला.

पोलीस आले, माहिती घेऊन गेले. आठवड्याभराने फोन आला की आमचे स्वयंसेवक भेटायला येतील. माझं डोकंच फिरलं. चोर पकडायचे सोडून चहा प्यायला माणसं पाठवतात, असं मी आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. ते आले तेव्हा दारात मर्सीताई आणि केन नावाचे एक उंच म्हातारे गृहस्थ. बेल वाजवून दोघं अंगणाच्या पायरीपर्यंत मागे सरले होते. मर्सीताईने ओळखपत्र छातीशी धरलं होतं. "एवढ्या लांब का उभ्या?" मी विचारलं. "दारामागच्या माणसाला आपण आधी पूर्ण दिसायला पाहिजे," ती मराठीत म्हणाली, "मग त्याने ठरवावं, उघडायचं की नाही." आई बाथरूमच्या दाराआडून ऐकत होती. मराठी ऐकून बाहेर आली.

चहाची ती हाक आईने त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला सांगितली. केनना मी भाषांतर करून सांगितलं. ते गंभीर झाले, मान हलवत राहिले. मर्सीताईला मात्र हसू आवरेना. "मावशी, त्याने चहा टाकला असता ना, तर मीच साहेबांना सांगितलं असतं, सोडा बिचाऱ्याला." मी चपापले. आईने तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि मग तीही हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. जाताना केन म्हणाले, "नो वरीज, मेट." ते मला म्हणाले की आईला, कळलं नाही.

त्यानंतर दर मंगळवारी मर्सीताई यायची, ड्यूटीवर नसताना, साध्या कपड्यांत. ओळख इतकी वाढली, तरी बेल वाजवून मागे सरायचं तिने सोडलं नाही. आधी दोघी पायरीपर्यंत, मग पोस्टाच्या पेटीपर्यंत, मग कितीतरी दिवसांनी तळ्यापर्यंत. ट्रिपल झीरोला काय बोलायचं ते तिने आईकडून शाळेतल्यासारखं घोकून घेतलं. आई कंटाळायची. "मला कशाला लागतंय हे? तू आहेस ना." मर्सीताई म्हणायची, "पुन्हा म्हणा, मावशी."

मर्सीताईच्या अंत्यविधीला चर्चमध्ये गणवेशातले पोलीस ओळीने उभे होते. आपल्या माणसांना वाटलं, बाई मोठी अधिकारीच होती. आई शेवटच्या बाकावर बसून होती. परतताना गाडीत म्हणाली, "त्या दिवशी बेल वाजवली आणि मी मागे सरून उभी राहिले गं. किती वेळ तशीच. तिला दिसायला पाहिजे ना मी." मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

मला धास्ती होती की आता पुन्हा कडी लागणार. तसं झालं नाही. मंगळवारी आई लाकडी दार उघडं ठेवते, जाळीचं तेवढं लावून समोर खुर्ची टाकून बसते. काल मंगळवारच होता. मी ऑफिसातून लवकर निघाले, किल्ली घरीच राहिली होती. बेल वाजवली आणि नकळत पायरीपर्यंत मागे सरले. जाळीपलीकडे आई उठली, पण पुढे आली नाही.

"अशी नको उभी राहू गं," ती म्हणाली. मग सावकाश दारापर्यंत आली, कडीवर हात ठेवून थांबली. "नाही... अशीच उभी राहत जा," म्हणाली, आणि दार उघडून आत वळता वळता, "चहा टाक गं."