हवा कुठं अडली

माझ्या गाडीला कुणी खटारा म्हटलं की माझं डोकं फिरतं. तेरा-चौदा वर्षांची डिझेल गाडी आहे, टपावरचा रंग उन्हानं उडालाय, मागचं एक दार आतून उघडत नाही, हे सगळं मला माहीत आहे. पण ते मी म्हणायचं. दुसऱ्यानं नाही. आणि त्या दिवशी चौक्याच्या घाटात, मागं ट्रकवाले हॉर्न बडवत असताना, माझा थोरला भाऊ नेमकं तेच म्हणाला.

दादा पुण्याहून आला होता. आईला डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचं म्हणून आम्ही तिला पिशोरहून शहरात आणत होतो. दादा माझ्या शेजारी, आई मागं. सपाट रस्त्याला गाडी गुमान चालत होती. चढ लागला, मी ॲक्सिलरेटर दाबला, तशी गाडीनं असा हिसका दिला की आईच्या मांडीवरची पिशवी खाली आणि संत्री गाडीभर. पाय उचलला की गाडी शहाणी, दाबला की पुन्हा धक्के. मागं काळा धूर. समोर चेक इंजिनचा पिवळा दिवा पेटलेला. कसंबसं पहिल्या गिअरमध्ये आम्ही वर आलो. एक दुचाकीवाला शेजारून जाताना आत डोकावून हसला, ते मी अजून विसरले नाही.

"हा खटारा विकून टाक," दादा म्हणाला. मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाला, "आणि ह्याच्या भरवशावर आईला तिथं एकटी ठेवायची का? पुढच्या रविवारी येतो. तिला पुण्याला नेतो."

आईनं संत्री तशीच पडू दिली. खिडकीतून बाहेर बघत राहिली. 

वडील गेल्यापासून आई पिशोरात एकटी राहते. तिचं घर, दोन शेळ्या, बुधवारच्या बाजाराला सोबत जाणाऱ्या बायका, ओट्यावरची संध्याकाळ. एकदा दादाकडं जाऊन आली. अकराव्या मजल्यावरून तिला खाली कोण कुणाचं तेच कळेना. "तिथं बोलायचं कुणाशी, लिफ्टशी?" म्हणाली, आणि महिन्याच्या आत परत आली. दादा काही वाईट नाही, त्याला खरोखर काळजी वाटते. तेव्हा आमच्यात ठरलं होतं की मी दर शनिवारी जाईन आणि तिनं मध्येच बोलावलं तरी निघेन. उस्मानपुऱ्यातल्या माझ्या घरातून निघाले की दीड तासात दारात. सगळा कारभार या गाडीवर उभा होता. गाडी बसली म्हणजे आईचं पिशोर संपलं, इतकं सरळ होतं.

डॉक्टरला दाखवून झाल्यावर दादानं आईला एसटीनं पिशोरला सोडलं. सोमवारी गाडी गॅरेजला दिली. त्यांनी मशीन लावून बिघाडाचा कोड काढला. इंजिनात जाणारी हवा मोजणारा एक सेन्सर असतो, त्याचं माप बरोबर येत नाही, असं त्या कोडचं म्हणणं. "सेन्सर गेलाय मॅडम," गॅरेजवाला म्हणाला. सेन्सर बदलला, कोड पुसला, उभ्या गाडीला रेस देऊन दाखवली. झकास. मी घरी येईपर्यंत दिवा पुन्हा पेटलेला. परत नेली. आता तो म्हणाला, इंजिनात हवा ढकलणारा टर्बो गेला असेल. मी विचारलं, हवेचा फिल्टर बघितलास का? म्हणाला, बघितला, स्वच्छ आहे. मग खांदे उडवून म्हणाला, "जुनी गाडी आहे, मॅडम. आता काय काय बदलणार?" त्याचं चुकलं असंही म्हणवत नाही. पण म्हणजे तोही दादाच्याच बाजूचा निघाला.

माझा नवरा बँकेत आहे. गाडीतलं त्याला डिझेल भरण्यापुरतं कळतं. तो म्हणाला, "अगं, तुला शेंद्र्याला जायला कंपनीची बस आहे. पिशोरला भाड्यानं गाडी करू." मी म्हटलं, आईनं संध्याकाळी फोन करून चक्कर येतेय म्हणून सांगितलं तर मी भाड्याची गाडी शोधत बसू का? तो ताटं घ्यायला उठला. लग्नाला इतकी वर्षं झाली, कुठं विषय सोडायचा ते त्याला चांगलं कळतं.

मी शेंद्र्याच्या कारखान्यात तपासणी विभागात काम करते. मशीनवरून उतरलेला भाग मापात आहे की नाही हे बघायचं आणि नसला तर परत पाठवायचा. नवीन माणूस आला की हमखास एक करतो. भाग मापात बसला नाही की म्हणतो, मॅडम, मोजायचं गेजच खराब आहे. मी त्याला म्हणते, बाबा रे, गेज कशाला खोटं बोलेल, आधी भाग बघ. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोलले असेन देव जाणे. आणि त्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नि माझ्याच लक्षात आलं की आम्ही पण गेजच बदलून आलो होतो. सेन्सर सांगत होता की हवा कमी येतेय. कोडनं तक्रार केली होती, निदान केलंच नव्हतं. मग हवा खरंच कमी येत असली तर? 

एक छोटा स्कॅनर मागवला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा आणि मोबाइलवर आकडे बघायचे. शुक्रवारी कामावरून आल्यावर नवऱ्याला शेजारी बसवलं, हातात मोबाइल दिला आणि सांगितलं, हवेचा आकडा मोठ्यानं वाचत राहायचं, मधे बोलायचं नाही. जालना रोडनं निघालो. तो रेडिओवर बाजारभाव सांगावेत तसा एका सुरात आकडे सांगायला लागला. सेव्हन हिलच्या पुलावर चढताना मी पाय दाबला. आकडा वर गेला, अजून वर गेला आणि एकदम आपटला. त्याच क्षणी हिसका. पाय सोडला, आकडा जागेवर. परत फिरून पुन्हा पूल. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा नवरा म्हणाला, "आपण भाजी आणायला म्हणून निघालो होतो." पण तोपर्यंत त्यालाही मजा यायला लागली होती, कारण चौथ्या वेळी तोच म्हणाला, "अजून एकदा घे."

टर्बो गेला असता तर हवा कधीच नीट आली नसती, एवढं मला वाटत होतं. ही हवा येत होती आणि जोरात ओढली की अडत होती. उभ्या गाडीला रेस दिली तर इतकी हवा ओढलीच जात नाही, म्हणून गॅरेजात काही दिसलं नाही. आता अडते कुठं, एवढंच शोधायचं राहिलं.

शनिवारी उजाडताच खाली गेले. पिशोरला आज जायचं नव्हतं, उद्या दादाबरोबरच जायचं होतं. बॉनेट उघडलं. फिल्टरच्या डब्याला पुढून एक प्लास्टिकची जाड नळी येते, तिचं तोंड हेडलाइटच्या मागं अंधारात असतं. बाहेरची हवा तिथून आत शिरते. म्हटलं, ही नळी डब्यापासून सोडवून बघू. दोन क्लिपा काढल्या, नळी बाजूला केली आणि तशीच गाडी पुलावर नेली. पाय पूर्ण दाबला. गाडी अशी पळाली की मी एकटीच ओरडले, "अरे व्वा, माझी बाय." पुलाच्या टोकाला एक मॉर्निंग वॉकवाले काका वळून बघायला लागले. बघेनात का.

म्हणजे घोटाळा त्या नळीच्या तोंडाशी होता. घरी येऊन टॉर्च धरला, हात घातला. बोटांना कापड लागलं. ओढलं तर एक पुडी बाहेर आली, लांब सुतळीला बांधलेली. उघडली नि तंबाखूचा वास नाकात गेला. हवा जोरात ओढली की ही पुडी झोका घेऊन नळीच्या तोंडावर बसायची, पाय सोडला की गळून खाली लोंबायची.

आमच्याकडं उंदरांनी वायरी खाऊ नयेत म्हणून लोक इंजिनपाशी तंबाखू ठेवतात. उंदराला वास सोसत नाही म्हणे. पण माझ्या गाडीत ठेवली कुणी? पुडीचं कापड उलटून बघितलं. हिरवं, बारीक चौकड्याचं. आईच्या जुन्या लुगड्याचं. धान्याच्या पोत्याला मारते तीच दुहेरी गाठ. पिशोरात गाडी रात्रभर धान्याच्या खोलीला लागून उभी असते आणि तिथं उंदीर लई. मी पाणी बघायला बॉनेट उघडलं की आई शेजारी उभी असतेच.

मी तिथंच पार्किंगमध्ये खाली बसले. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू, आरोळी ठोकावी इतका झाला होता. पण लगेच दादा आठवला. दादाला हे कळलं तर तो काय म्हणेल ते मला पाठ होतं. बघ, म्हणेल, आई आता काय करून ठेवेल सांगता येत नाही, तिला एकटी कशी ठेवायची? पुडी मी डिकीत टाकली. नवऱ्याला सांगितलं, तोंड बंद. नळी परत बसवली, कोड पुसला. दिवा गेला तो गेलाच.

रविवारी दादा आला तो स्वतःची चकचकीत गाडी घेऊन. आईचं सामान न्यायला मोठी बॅगही आणली होती. मी म्हटलं, "पिशोरला माझ्या गाडीतून चल. घाटात एक जरी हिसका बसला तर आईची बॅग मी स्वतः भरून देते."

दादानं माझ्याकडं नीट बघितलं. "बोललीस हां," म्हणाला.

घाट लागला, या बाजूनंही चढ आहेच. पुढं कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर चालला होता. समोरचा रस्ता मोकळा बघितला आणि तिसऱ्या गिअरमध्ये पाय खाली दाबला. गाडी उचलली ती ट्रॅक्टरला मागं टाकूनच शांत झाली. धूर नाही, धक्का नाही. दादानं वरचं हँडल घट्ट धरलं होतं. "हळू की जरा," तो म्हणाला, आणि हे ऐकायला मी आठवडाभर जीव टाकला होता. वर पोचल्यावर त्यानं विचारलं, "काय निघालं मग?" मी म्हटलं, "नळीत कचरा अडकला होता." खोटं बोलत होते, पण हसू काही आवरेना.

पिशोरात आई दारातच उभी. मी पाण्याची पातळी बघायला बॉनेट उघडलं, ही माझी नेहमीची सवय. आई जवळ आली, आत वाकून बघितलं आणि दादाच्या समोरच म्हणाली, "माझी पुडी कुठं गेली गं?"

दादा म्हणाला, "कसली पुडी?"

आता लपवण्यात काय अर्थ होता. मी डिकीतून पुडी आणली आणि बॉनेटवर ठेवली. "ही. हिनंच हवा अडत होती. आईनं बांधली होती आणि मी शोधली. झालं? आता काय म्हणायचंय ते म्हण."

आईचा चेहरा पडला. पुडी हातात घेऊन ती सुतळी चाचपायला लागली. "मला काय ठाव बाई," ती म्हणाली. "सुतळी लांब सोडली मी. आखूड बांधायला पायजे होती."

"पण आई, तू कशाला हात घातलास तिथं?" दादानं विचारलं. चिडून नाही, पण विचारलं.

"कशाला म्हंजे? उंदरानं वायर खाल्ली, गाडी बंद पडली, मग ही यायची कशी माझ्याकडं? दर शनिवारी मी वाट बघते ना."

दादा पायरीवर बसला. आईनं आणून दिलेलं पाणी त्यानं घोट घोट संपवलं. मग फोन काढला आणि वहिनीला म्हणाला, "खोली रिकामी करू नको. आई इथंच राहतेय."