श्रावण गजभिये यांनी पाठवलेला दुसरा लेख

श्रावण गजभिये आमच्या फळसंशोधन कार्यालयात टपाल पाठवण्याचे काम करीत. मी इंदूबाई, तेथेच झाडलोट करीत असे. वयाच्या बावन्नाव्या वर्षी प्रौढ वर्गात मी अक्षरे शिकले, आणि त्या अक्षरांत प्रथम श्रावणभाऊंविषयीच लिहावे असे मला वाटले.

त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले होते. इंग्रजी येत नव्हते, परंतु इंग्रजी पत्ता ते पाहून हुबेहूब उतरवीत. शास्त्रज्ञाचा लेख मासिकात छापला की त्याच्या शंभर सुट्या प्रती कार्यालयात येत. ते मासिक फार थोड्या ग्रंथालयांत जात असे. ज्यांना लेखाचा सुगावा लागे, ते दूरदेशीहून कार्ड लिहून प्रत मागत. श्रावणभाऊ प्रत पाकिटात घालून नागपुरातील सदर भागातल्या टपाल कार्यालयात नेत, आणि आलेले कार्ड दोऱ्यात ओवून ठेवीत.

"काहून गा श्रावण, ब्राझीलातून सासरवाडीचं पत्र आलं का?" कारकून रुपराव विचारीत.

"आलं ना. तुह्या लग्नाचं विचारून राहिले!"

सन १९७१ मध्ये आमच्या शास्त्रज्ञ प्रेमिलाबाई यांचे संत्र्याच्या मूळकुजीवरील दोन लेख छापून आले. दोन्ही गठ्ठे बाईंनी श्रावणभाऊंकडे सोपवले. पहिल्या लेखाचे नाव नव्या लेखांच्या एका परदेशी यादीत छापले गेले, त्यामुळे त्यासाठी पुष्कळ कार्डे आली. दुसरा लेख कार्यालयामागील दोनशे कलमांच्या प्रयोगाविषयी होता; त्याचे नाव त्या यादीत आले नाही.

चार वर्षांनी मोठ्या साहेबांनी ती कलमे उपटून तेथे गोदाम बांधण्याचे ठरवले. बाईंनी विरोध केला, तेव्हा साहेबांनी त्यांना ग्रंथालयात बोलावले. मी फरशी पुसत होते. श्रावणभाऊ टपाल घेऊन उभे होते. साहेबांनी जाडजूड ग्रंथ काढले. जगात कोणी कोणाच्या लेखाचा आधार घेतला, हे त्यांत मुंगीएवढ्या अक्षरांत नोंदलेले असते, असे मला तेव्हा कळले. एवढे जग एका मेजावर मावते, हे पाहून माझा हात फडक्यावरच थांबला.

पहिल्या लेखाखाली अकरा नोंदी होत्या. दुसऱ्याखाली एकही नव्हती.

"पहिला चांगला होता, म्हणून लोकांनी घेतला," साहेब म्हणाले. "दुसऱ्यात दम नाही. कलमे ठेवून काय करायचे?"

श्रावणभाऊंनी टपाल खाली ठेवले. "साहेब, दुसऱ्याचा गठ्ठा अजून माह्या अलमारीत हाये. एकबी कार्ड आलं नाही, म्हणून म्या एकबी प्रत पाठवली नाही."

"काहून गा श्रावणभाऊ? मले सांगायचं तर होतं!" बाई म्हणाल्या.

"चुकलं बाई. मले वाटलं, ज्याले पायजे तो मांगल. पण लेख हाये हेच ज्याले मालूम नाही, तो मांगल कसा?"

साहेब हसले. "पाठवल्याने लेख चांगला होत नाही, श्रावण."

"नाही होत साहेब. पण वाचल्याबिगर वाईट बी कसा ठरते?"

साहेबांनी ग्रंथ मिटला. मग त्यांनी कलमांना दोन वर्षांची मुदत दिली.

श्रावणभाऊंनी दोऱ्यातील कार्डे सोडली आणि त्या पत्त्यांवर, कोणी न मागता, दुसरा लेख पाठवला. मी पाकिटांना डिंक लावला. जपान, इजिप्त, ब्राझील ही नावे सरावाने ओळखून ते मला सांगत. नागपुरातील मातीत काय घडले, हे तेथील माणूस आपल्या खुर्चीत बसून वाचणार, या विचाराने मी थक्क होत असे.

दोन वर्षांनी नवा ग्रंथ आला. साहेबांनी बोट फिरवले. दुसऱ्या लेखाखाली सात नोंदी होत्या.

"अकरा नाहीत," साहेब म्हणाले.

"पहिल्याले अकरा व्हायले चार वर्ष लागले साहेब, याले तर दोनच झाले," श्रावणभाऊ म्हणाले.

साहेबांनी गोदामाचा कागद मागवला आणि त्यावर आडवी रेघ मारली. प्रेमिलाबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. श्रावणभाऊंनी मात्र ग्रंथ पुन्हा उघडला, त्या सात जणांची नावे एका कागदावर उतरवली, आणि विचारले, "बाई, यांचे पत्ते कुठी भेटतील? तुमचा तिसरा लेख निघाला की पह्यले या सात जनायलेच पाठवतो."