भाटाच्या वहीतली रतनबाई

माघ लागला तरी थंडी हटत नव्हती. अंगणातली वैरण धुक्यानं भिजली होती. मनकर्णा म्हातारी ओसरीत शेकोटीला पाठ करून जोंधळा पाखडत होती. पायलीभर निवडायचा होता, भाटाला द्यायला. त्यात खडा राहून चालणार नव्हतं.

राहात्याच्या अलीकडच्या त्या गावात सहादेव भाट तीन वर्षांतून एकदा यायचा. घराण्याची वंशावळ त्याच्या वहीत. नवा जीव जन्मला की आधी जुनी नावं खड्या आवाजात वाचायची, मग त्याचं नाव चढवायचं. १९४४ सालच्या त्या माघात बन्सीच्या गोरक्षला मुलगा झाला आणि बन्सीची आई, ही मनकर्णा, पणजी झाली.

साठ वर्षं तिनं भाटाला, त्याच्या बापाला रांधून घातलं. वाचन मात्र गडीमाणसांत, दारापुढं व्हायचं. चुलीपाशी काय ऐकू येणार? औंदा तिनं बन्सीला बजावलं होतं, "मरायच्या आदी माजं नाव एकदा कानानं ऐकू दे."

म्हणून भाट ओसरीत बसला. वाचत वाचत तिच्या नवऱ्यापाशी आला. "गहिनीनाथाची भार्या रतनबाई. रतनबाईच्या पोटी बन्सी धरून पाच पुत्र."

सूप थांबलं.

"कुनाच्या पोटी?"

"रतनबाईच्या, आज्ये. माज्या बापानं लिवलंय."

म्हातारीचा हात गळ्यातल्या चांदीच्या टाकावर गेला. रतनबाई तिची सवत. नऊ वर्षांची असताना देवीच्या साथीत गेली. मनकर्णा स्वतः लहानपणीच रांडावलेली. गहिनीनाथानं तिच्याशी मोहतूर, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लावला, तेव्हा रीतीप्रमाणं मेलेल्या सवतीची मूर्ती उठवलेला टाक तिच्या गळ्यात पडला. त्याला निवद दाखवल्याबिगर तिनं सणाचा घास खाल्ला नव्हता. पुढं नवरा प्लेगात गेला. तिनं मोट हाकली, पाच पोरं वाढवली.

"नऊ वर्षांच्या पोरीला पाच लेकरं व्हय रं?"

गोरक्षला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं.

"मोहतुराची बायकू वहीत चढत न्हाई, आज्ये," भाट म्हणाला. "मग पोरं बिनआईची कशी ठिवायची? लग्नाच्या बायकूच्या नावावर घालत्यात."

"आता घाल की माजं. लिवनारा तूच हाईस."

भाटानं बन्सीकडं पाहिलं. बन्सीच्या धाकटीची सोयरीक शिर्डीकडच्या बड्या घरात ठरत आली होती. ते लोक आधी भाटालाच विचारणार होते, रक्त लग्नाचं की मोहतुराचं म्हणून.

"ऱ्हाऊ दे, आये," बन्सी म्हणाला. "पोरीचं मोडंल. नावानं काय पोट भरतंय?"

"तुजं भरलं की. कुनाच्या दुधानं भरलं, त्येवडं सांग ह्याला."

बन्सी विडीचा दोरा सोडत बसला. मान काही वर आली नाही.

भाटानं बोरू बुडवला. गोरक्षच्या खाली 'कानिफनाथ' लिहिलं. गूळ वाटला. म्हातारीच्या तळहातावरही गुळाचा खडा ठेवला. तिनं तो शेजारी जमिनीवर ठेवून दिला.

वही लाल फडक्यात गेली. "जोंधळा झाला का, आज्ये? ऊन चढायच्या आत निगतो."

"बस जरा. निम्मा ऱ्हायलाय."

तिनं टाक पदराआड सारला आणि सूप पुढं ओढलं. जोंधळ्यात एक काळा खडा दिसला. तो तिनं उचलून बाजूला टाकला.