अंतूनानांची काचपट्टी

अंतूनाना गवंडी कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांना नमस्कार करत नसत. चपला बाहेर काढायच्या, मधल्या बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक करायची, कान लावायचा आणि मगच आत यायचं. सत्यनारायणाच्या प्रसादालाही हेच. उजव्या हातात शिरा आणि डावा हात भिंतीवर. आम्ही हसायचो. ते म्हणायचे, "माणसं काय, गोडच बोलत्यात. भिंतीला तसं जमत न्हाई."

पाटणच्या अलीकडचं आमचं घर माझ्या वडिलांच्या वेळी त्यांनीच बांधलं होतं. दगड-मातीचं, तीन खणांचं, साधं. कोयनेच्या भूकंपात गावातली निम्मी घरं बसली, आमचं उभं राहिलं. पण जमिनीची थरथर काही थांबेना, आणि माझ्या बायकोनं धसका घेतला. मुलीला घेऊन ती सांगलीला भावाकडे गेली ती परत यायचं नावच काढेना. मग मीही खटपट करून सांगलीच्या एका शाळेत नोकरी मिळवली आणि पाडव्याला घर विकून मोकळं व्हायचं ठरवलं.

गिऱ्हाईक घरबसल्या मिळालं. शेजारच्या वाडीतला एक हवालदार, पलटणीतून पेन्शनीवर आलेला. त्याचं घर भूकंपात गेलं होतं. म्हातारी आई, बायको आणि तीन पोरं चार महिने पत्र्याच्या छपराखाली राहत होती. त्याला भूकंपातून उभं राहिलेलं घर हवं होतं, बाकी काही नको होतं.

शिमगा झाला तसं मी घर नटवायला घेतलं. दारातला आंबा मोहरून गेला होता आणि बारक्या कैऱ्या सारवलेल्या अंगणात पडत होत्या. चौकटींना तेल लावलं, चुना भिजत घातला आणि डागडुजीला नानांना बोलावलं. माजघराच्या कोपऱ्यात ते थबकले. टकटक केली, पुन्हा केली आणि तिथली कणगी बाजूला सरकवायला लावली. मागे वरपासून खालपर्यंत करंगळी जाईल एवढी भेग होती.

"माती भरा आणि वर चुन्याचा हात मारा," मी म्हणालो.

"आवं गुरुजी, भेगंची लाज नसती. झाकल्याची असती."

त्यांनी पिशवीतून फुटक्या तावदानाची एक पट्टी काढली, भेगेवर आडवी धरली आणि दोन्ही टोकं चुन्यानं चिकटवली. "ही आपली राखणदार. भिंत जरा हलली की ही तडकनार." मग त्या कोपऱ्याशी खाली बसले. "चूक माजीच हाय. तुमच्या वडलांना पाडव्याला घरभरणी करायची हुती. भिंतीच्या दोन्ही अंगांना धरून ठेवनारं लांब दगड लागत्यात, ते आलं न्हवतं. ह्या कोपऱ्यात मी बारकंच लावलं आन् वर चढलो. लय दिस मनाला लागून हाय. मला ईस दिस द्या. कोपरा उकलून नवा बांधतो. मजुरी नगं."

"वीस दिवस नाहीत हो नाना. पाडवा आठ दिवसांवर आलाय."

"वडील बी असंच म्हनलं हुतं," नाना म्हणाले आणि उठले.

चौथ्या दिवशी सकाळी मी राखणदार बघितला. काच मधोमध तडकली होती. खुरप्यानं मी ती खरवडून काढली, भेगेत माती दाबली आणि दोनदा चुना मारला. हात चांगला बसला होता. शाळेत पोरांना खरं बोलावं म्हणून धडे देणारा माणूस मी, पण काचेचे तुकडे मी उकिरड्यात पुरून आलो.

पाडव्याला हवालदार आला. घरभर फिरला आणि माजघरात उभा राहून म्हणाला, "गुरुजी, भित्ताडं धड हायत न्हवं? पोरं हितंच निजतील."

"भूकंपात उभं राहिलेलं घर आहे, हवालदार," मी म्हणालो.

नाना उंबऱ्याशी उभे होते. आत येऊन त्यांनी नव्या चुन्यावर एकदाच टकटक केली. मग चपला घालून ते निघून गेले. मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाज अजून गेलेली नाही. नानांना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

दीड वर्षानं जमिनीच्या एका कागदासाठी गावी जावं लागलं. हवालदारानं रस्त्यातच माझे पाय धरले आणि ओढत घरी नेलं. "तुमच्यासारकं मानूस मिळायचं न्हाई गुरुजी. तुमी सांगलीला गेला आन् दुसऱ्याच दिशी नाना हत्यारं घिऊन दारात हजर. म्हनलं, गुरुजींनी धाडलंय. हा कोपरा कच्चा हाय, दुरुस्त झाल्याबिगर पोरांना हितं निजवू नगा. ईस दिस खपलं म्हातारं. मजुरीचं इचारलं तर म्हनलं, गुरुजींनी भागवलंय."

"नाना कुठं आहेत?"

"मागल्या पावसाळ्यात गेलं की. तुमाला कळलं न्हाई व्हय?"

माजघराच्या कोपऱ्यात भिंतीवर काचेची नवी पट्टी होती, अखंड. तिच्याखाली तीन पोरांची अंथरुणं गुंडाळून ठेवली होती. मी पेरानं टकटक केली. भिंत भरीव वाजली. खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात हवालदाराच्या आईनं चहा पुढे केला आणि माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. "औक्षवंत व्हा गुरुजी," ती म्हणाली. मी चहा प्यालो.

त्या घरात मी दोनदा खोटं बोललो, दुसऱ्यांदा तर तोंडातून शब्दही न काढता. एसटीच्या थांब्याला जाणारी वाट नानांच्या दारावरून होती. मी ओढ्याकडून लांबच्या वाटेनं गेलो.