घोडपदेवची लाल वाईन

लवू परबाचा पाय सिसिलीत मोडला नसता, तर आमच्या घोडपदेवच्या चाळींत वाईन कशाशी खातात हे कुणाला कळलंच नसतं.

लवू मूळचा वेंगुर्ल्याकडचा. मालवाहू बोटीवर भंडारी, म्हणजे खलाशांचं जेवण रांधणारा. सिसिली हे भूमध्य समुद्रातलं इटलीचं बेट. तिथल्या सिराकूझा बंदरात शिडीवरून घसरून त्याची नडगी मोडली. बोट काही त्याच्यासाठी थांबली नाही. इस्पितळातून सुटल्यावर, दुसरी बोट मिळेपर्यंत, जवळच्या आव्होला गावी रोझारिया नावाच्या विधवेकडे त्याची सोय झाली.

म्हातारीचा द्राक्षमळा होता. वेलींना मांडव नाही, कमरेएवढी झुडपंच, आणि त्यांना काळेभोर घड. या जातीला नेरो दाव्होला म्हणतात, आव्होलाचं काळं. भर उन्हात पिकणारी द्राक्षं, त्यामुळे वाईन गडद आणि तिखट अंगाची. उत्तरेकडचे व्यापारी ती पिंपं भरून नेत आणि आपल्या फिक्या वाईनमध्ये मिसळत.

पहिल्या दिवशी लवूने तळलेल्या माशाबरोबर घोट घेतला, तर लोखंड चाटल्यासारखं लागलं. म्हातारीने हसून पेला बाजूला सरकवला. रविवारी त्याने आपल्याजवळचा मालवणी मसाला घालून मटण केलं, तेव्हा तिने तोच पेला परत पुढे केला. आता मात्र घोटासरशी तोंडातलं तेल पुसलं गेलं आणि जीभ पुढच्या घासाला तयार झाली. वांगी-टोमॅटोच्या आंबटगोड भाजीबरोबर, मेंढीच्या दुधाच्या खारट चीजबरोबरही ती छान जमे. कुबडी घेऊन लवूने तिची द्राक्षतोडणीही केली.

तो परत आला तो लंगडतच. बोटीवर त्याला कुणी घेईना. त्याची बायको लक्ष्मी गिरणी कामगारांसाठी खानावळ चालवायची, तिथे तो कांदे चिरू लागला आणि आम्हा जेवणाऱ्यांना आव्होलाच्या गोष्टी सांगू लागला. दारूबंदी होती. हातभट्टीची सांगाल तेवढी मिळे, पण तिचं नाव काढलं तरी लवू खवळे.

एकदा लक्ष्मीवहिनी वाढता वाढता थांबल्या.

"सगळ्यांका सांगतास," त्या म्हणाल्या, "पण माका चव कशी कळतली?"

त्या दिवसापासून लवूने ध्यास घेतला. सरकारी कायदा न मोडता, दारूचा थेंबही न घालता, बायकोला ती चव दाखवायची.

हे छप्पन सालच्या उन्हाळ्यातलं. आमचे दिवस महाराष्ट्र राज्य मागणाऱ्या, कामगार मैदानावरच्या सभांत आणि मोर्च्यांत जात. घोषणा देऊन बसलेल्या घशांनी आम्ही खानावळीत यायचो आणि लवू आमच्यावर प्रयोग करायचा. करवंदं, जांभळं, थोडी काळी मिरी, किंचित आमसूल. पहिल्या खेपेला मिरी इतकी झाली की शेजारी बसलेला दगडू पाणी पाणी करत गॅलरीत पळाला. पुढे रंग जमला, आंबटपणा जमला. पण ती वाईन जिभेला जशी घट्ट पकडते, तशी पकड काही येईना.

ती पकड वहिनींनी आणली. पोट बिघडलं की उगाळून द्यायला त्या डाळिंबाची साल वाळवून ठेवत. तिचा एक तुकडा त्यांनी काही न बोलता भांड्यात टाकला. दुसऱ्या दिवशी लवूने चमचाभर चाखलं आणि लगेच रविवारच्या मटणासाठी मसाला भाजायला घेतला.

रविवारी मटण झालं. पंगत उठल्यावर नवरा-बायको समोरासमोर बसले. वहिनींनी घास घेतला, मग घोट, मग परत घास.

"आता माका समाजला," त्या म्हणाल्या, "तुमी इतके दिस खय होतास ता."

लवूने त्यांचा पेला पुन्हा भरला. आम्ही पान खायच्या निमित्ताने बाहेर सटकलो.

मग व्हायचं तेच झालं. लवू ते सरबत बाटल्यांत भरून खिडकीत ठेवी; त्या लाल बाटल्यांची खबर कुणीतरी चौकीवर दिली आणि बाबुराव हवालदार दारात आला. त्या दिवसांत खाकी दिसली की आमच्या कपाळावर आठ्या चढत. सगळे हात ताटात थांबले. लवूने शांतपणे त्याला पाट दिला, मटण वाढलं, पेला भरला. बाबुरावाने वास घेतला, घोट घेतला, मटण संपवलं आणि पेला पुन्हा पुढे केला.

"यात दारू नाही," तो निघताना म्हणाला. "असती तर बरं झालं असतं."

ही गोष्ट चाळीचाळीतून पसरली. शिवडीच्या गोदीतले, वडाळ्याच्या यार्डातले लोक रविवारी मुद्दाम येऊ लागले. खानावळीला शेजारची खोली जोडावी लागली. पुन्हा बोटीवर जायचा विषय लवूने काढला नाही. साठ साली महाराष्ट्र झाला, तेव्हा त्याने पिंपभर लाल सरबत करून दारासमोर मांडलं, आणि मोडक्या पायाने दुपारभर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःच्या हाताने पाजलं.