खेळण्यांची प्रतवारी

निवडायचं काम मला येतं. फुशारकी म्हणून सांगत नाही, पण येतं. सातवीनंतर माझी शाळा सुटली आणि कुडाळकडच्या एका काजूच्या कारखान्यात मी प्रतवारीच्या टेबलापाशी उभी राहिले, ती थेट लग्न ठरेपर्यंत. अख्खा काजू एकीकडे, पाकळी दुसरीकडे, तुकडा तिसरीकडे, डागाळलेला खालच्या टोपलीत. डोळ्यांनी बघायच्या आधी बोटांना कळायचं. आमची मुकादमीण म्हणायची, हिच्या हातात चाळण आहे. मला मिळालेलं प्रमाणपत्र तेवढंच, तेही तोंडी.

आमचे हे तेव्हा आमच्याकडच्या रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचे. रस्ता पुरा झाला आणि ते मला घेऊन कुरुंद्याला, आपल्या हळदीच्या रानात परत आले. इथून माझ्या माहेरी पोचायचं तर रेल्वे, एसटी, रिक्षा धरून दोन दिवस जातात. त्यामुळे माझी आई माझ्या लेकीला ठाऊक आहे ती फोनमधली. ती काजू पाठवते म्हणून लेक तिला काजूची आजी म्हणते. घरातली आजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना मी इकडच्या रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणते आणि सासऱ्यांना मामा.

हे सगळं घडलं तेव्हा लेक साडेतीन वर्षांची होती. तिच्या खेळण्यांत दुकानातलं थोडं आणि घरातलंच जास्त. बाजारातून आणलेला प्लास्टिकचा ट्रॅक्टर, तीन चाकांचा, कारण चौथं कायम कुठं तरी दुसरीकडे. टक्कल पडलेली बाहुली. माझ्या आईनं पाठवलेली लाकडी भातुकली. शिवाय बाटल्यांची झाकणं, चिंचोके, मामांच्या चष्म्याचं रिकामं घर, आणि एक पळी, जी दिवसातून दोनदा मला स्वयंपाकाला उसनी मागावी लागायची. हे सगळं ज्वारीच्या डब्यात सापडायचं, चपलेत सापडायचं, देवापुढच्या ताम्हणात सापडायचं.

एका सकाळी मामा पाण्याची चरवी घेऊन ओसरीवरून निघाले आणि त्यांचा पाय ट्रॅक्टरवर पडला. चरवी एकीकडे, मामा एकीकडे. लागलं काही नाही. तसेच बसून म्हणाले, “आपला ट्रॅक्टर रानात सुरू व्हईना, अन् घरातला बघा कसा बराबर चालून राहिला.”

सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझा स्वभावच तसा आहे. कोणी नुसतं शिंकलं तरी माझ्याकडून काही राहिलं का हे मी आधी बघते, आणि लांबून आलेल्या सुनेला हे जरा जास्तच होतं. त्याच दिवशी मी ठरवलं, आता ह्या खेळण्यांचा बंदोबस्त करायचा.

फोनवर बघितलं तर तिथं लेकराची वेगळी खोली, रंगीत खोकी, भिंतभर कपाट. आमच्याकडे दोन खोल्या आणि ओसरी. मग मी माझ्या पद्धतीनं केलं. आत्याबाईंचं जुनं लुगडं घेतलं, मागून गोणपाटाचं अस्तर लावलं आणि त्यावर बारा खिसे शिवले. ते भिंतीला इतकं खाली टांगलं की लेकीचा हात वरच्या खिशालाही पुरावा. मोठ्या वस्तूंसाठी गोडेतेलाचा पत्र्याचा डबा, त्याची कड दगडानं ठोकून आत वळवलेली, म्हणजे बोट कापायला नको. आणि प्रत्येक खिशावर पुठ्ठ्याची चिठ्ठी, स्केचपेननं लिहिलेली: भांडी, गाड्या, मणी. माझं अक्षर चांगलं आहे. शाळा सुटली तरी अक्षर राहिलं.

आत्याबाई कमरेवर हात ठेवून बघत उभ्या राहिल्या. “हे कोणासाठी लिहून राहिली व माय? लेकराला वाचता येतं काय? मला तर येतच न्हाई.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी चिठ्ठ्या उसवल्या आणि प्रत्येक खिशावर ती ती वस्तूच टाचली. एका खिशावर छोटा चमचा, एकावर झाकण, एकावर तीन मणी. आत्याबाईंनी एकेक खिसा बोट लावून म्हणून दाखवला आणि नातीनंही मागोमाग म्हटला. त्या दिवशी दोघींनाही माझं वाचता आलं.

इथवर सगळं नीट होतं. चूक पुढं झाली, आणि ती माझ्या हातातल्या चाळणीनंच केली.

दुसऱ्या दिवशी लेक आत्याबाईंबरोबर रानात भाकरी घेऊन गेली होती. मी सगळी खेळणी ओसरीवर ओतली आणि टेबलावर काजू निवडावेत तशी निवडायला बसले. अख्खं ते खिशात. मोडकं ते टोपलीत, भंगारवाल्यासाठी. हात भरभर चालायला लागला की मला मजा येते, मग मी फार विचार करत नाही. बाहुलीचा निखळलेला हात टोपलीत. ट्रॅक्टरचं सुटं चाक टोपलीत. एक फडक्याची गुंडाळी निघाली, ती सोडली, तर आत हळदीचा गड्डा. मुठीएवढा, दोन्ही बाजूंना दोन खुंट फुटलेला.

ते लावणीचे दिवस होते. अंगणात लिंबाखाली बेण्याचा, म्हणजे लावायसाठी राखलेल्या हळदीचा ढीग पाल्याखाली झाकून ठेवलेला. लेक दिवसभर तिथंच खेळायची, त्यामुळे असे गड्डे घरात कुठंही सापडायचे. बेणं वाया जाऊ द्यायचं नाही, हे ह्या घरानं मला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. मी फडकं झटकून घडी केलं आणि गड्डा ढिगावर नेऊन ठेवला. अगदी वर, पाला सारून. चांगलं काम केलं असंच वाटलं. लेक रानातून पेंगतच आली आणि खेळण्यांकडे न बघता तशीच झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लावणीला तांड्यावरच्या बाया आल्या. टोपल्या भरभरून बेणं रानात गेलं. दुपारपर्यंत लिंबाखाली नुसती मोकळी जमीन.

संध्याकाळी लेकीनं बाराही खिसे तपासले. मग डबा. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“आई, आजी कुठाय?”

मी आत्याबाईंकडे बोट दाखवलं.

“ही न्हाई. काजूची आजी. फडक्यातली.”

कळलं होतं, तरी विचारलं, “कशी दिसते गं ती?”

“तिला दोन हात हायेत.”

माझी आई गेले कित्येक दिवस माझ्याच घरात, फडक्यात गुंडाळून, माझ्या लेकीच्या कुशीत झोपत होती आणि मला त्याची खबर नव्हती. खोटं सांगावं असं क्षणभर वाटलं. पण मी खरं सांगितलं. “मी तिला बेण्यात ठेवलं बाळा. मला वाटलं हळद आहे.”

“हळदच हाय,” ती म्हणाली. “आजी हाय.” आणि मग, “काहून टाकली?”

ती रडली नाही. रडली असती तर मला काही तरी करता आलं असतं. तिनं एकेक खिसा रिकामा केला, सगळं झग्याच्या ओच्यात घेतलं आणि आत्याबाईंच्या लोखंडी पेटीत नेऊन टाकलं. “आईला दावू नको,” त्यांना म्हणाली, “आई टाकती.”

फोनवर माझ्या आईलाही तिनं सांगून टाकलं, “तू मातीत हाईस. आईनं टाकलं.” आई हसली. मला मात्र ते शब्द लागले. त्यानंतर काही दिवस मी आईला सकाळी एकदा आणि दुपारी एकदा फोन करायचे, बरी आहेस ना म्हणून. शेवटी ती वैतागली. “गो, मी बरी आसंय. कितीदा इचारतलंस?”

पण खरी काळजी आईची नव्हती. ह्या घरातली बाकी सगळी माणसं मला लग्नानं मिळालेली. लेक एकटीच माझ्या पोटची. आणि आता एखादं झाकण जरी मी उचललं तरी ती माझ्या हाताकडे बघायची, टोपलीकडे चाललाय की खिशाकडे. बारा खिसे भिंतीवर रिकामे लोंबत होते. जाता-येता मला दिसत होते.

आत्याबाईंचा टोमणा येणार हे मी धरूनच चालले होते. तो आला. “काजूवाली तू. तुला हळद कुठून कळायची?” मग भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “लावलेला गड्डा कुठं जात न्हाई. नवी हळद त्याच्याच अंगाला लागती. काढणीला तो जुना निघतोच बुडातून. सोरा म्हणत्यात त्याला. काळा पडतो, सुरकुततो, पण ऱ्हातो.”

मामा जेवत होते. “ढिगाच्या वरचं बेणं पहिल्या टोपलीत गेलं,” ते म्हणाले, “अन् पहिली टोपली विहिरीकडच्या वाफ्याला. चला, दावतो.”

मामा, लेक आणि मी, आम्ही तिघं गेलो. मी मोडक्याची टोपली बरोबर घेतली होती. भंगारवाला अजून आला नव्हता, हे माझं नशीब. टोपली लेकीसमोर ठेवली आणि म्हटलं, ह्यातलं काहीच जाणार नाही. तिनं ट्रॅक्टरचं सुटं चाक काढलं, तुरीच्या काडीला अडकवलं आणि वाफ्याच्या टोकाला रोवलं. आजी कुठं आहे ते कळायला.

त्यानंतर मी माझी प्रतवारी सोडून दिली. आता निवडायची ती, मी समोर बसायचे. तिची प्रतवारी वेगळीच निघाली. झोपणारे एका खिशात. न झोपणारे दुसऱ्या. रानात येणारे तिसऱ्या. ज्यांचं पटत नाही ते शेजारी ठेवायचे नाहीत. बाहुलीचं आणि ट्रॅक्टरचं काही तरी बिनसलं होतं, म्हणून मध्ये दोन खिसे रिकामे. मोडकं आणि अख्खं असा भेद तिच्या हिशेबातच नव्हता. मी खिशांवरच्या खुणा उसवून तिच्या सांगण्याप्रमाणे नव्या टाचल्या. झोपणाऱ्यांच्या खिशाला उशीचा तुकडा लावला. शेवटचा खिसा मी माझ्यासाठी मागून घेतला. जी वस्तू काय आहे ते मला कळत नाही, ती टाकायची नाही, त्या खिशात ठेवायची आणि तिला विचारायचं.

खेळणी पेटीतून हळूहळू भिंतीवर परत आली. ह्यात आत्याबाईंचे माझ्यावर उपकार आहेत. लेकराला स्वतःकडे ओढून घ्यायला त्यांना काहीच लागत नव्हतं, पेटी त्यांचीच होती. पण लेकीनं पेटीतून काही काढलं की त्या झाकण लावून वर बसायच्या आणि म्हणायच्या, “जा, आईला विचार, कोणत्या खिशात जाती ही.” रोज. कंटाळा न करता. मी त्यांना कधी तसं बोलून दाखवलं नाही, म्हणून इथं लिहिते.

एक गोष्ट मात्र राहिली होती. माझ्या हातात ती काही द्यायची नाही. स्वतः ठेवायची. “तू फकस्त बघ,” म्हणायची.

हळद उंच झाली, चाक पानांत दिसेनासं झालं. मग पानं पिवळी पडली, पाला कापला, चाक परत दिसायला लागलं. काढणीला त्याच बाया आल्या. माती फोडून कंद वर काढायचे आणि मग गोल बसून निवडायचे: जेठे, म्हणजे मधले मोठे नवे गड्डे एकीकडे, हळकुंडं दुसरीकडे, सोरे तिसरीकडे. मीही बसले. इथंही बोटांना आधी कळतं. एक बाई शेजारणीला म्हणाली, “हिला कोकणची कोण म्हणंल?” मला बरं वाटलं.

लेक विहिरीकडच्या वाफ्यातल्या सोऱ्यांपाशी बसली होती. एकेक उचलायची, वास घ्यायची, बाजूला ठेवायची. मी दुरून बघत होते. नऊ महिने मातीत राहिलेला गड्डा ओळखू येत नाही. सगळे सारखेच काळे, सारखेच सुरकुतलेले. तिला सापडला नाही तर काय, ही एक भीती. आणि दुसरी मोठी, तिनं एखादा माझ्यासमोर धरून ‘हीच का?’ विचारलं, तर मी काय सांगू.

तिनं विचारलं नाही. बऱ्याच वेळानं एक उचलला, दोन बाजूंना दोन वाळके खुंट असलेला. “ही,” म्हणाली. बस. दोन काजूंतला केसाएवढा फरक मला कळतो, पण तो गड्डा मी पारखायला गेले नाही.

फोनवर आईला दाखवला. आईनं चष्मा वर करून बघितलं. “नव म्हयने माका मातयेत ठेवलंस,” ती नातीला म्हणाली, “आता आंघोळ तरी घाल गो.”

लेकीनं हौदावर नेऊन आंघोळ घातली. मी ते जुनं फडकं काढून दिलं, घडी करून ठेवलेलं. तिनं गुंडाळलं आणि खिशांपुढं उभी राहिली. झोपणाऱ्यांत जागा नव्हती. रानातल्यांत तिला ठेवायची नव्हती, रानात ती पुष्कळ राहिली होती. थोडा वेळ विचार केला आणि गुंडाळी माझ्यापुढं धरली.

“तू ठेव.”

“कोणत्या खिशात?”

“तुझ्या.”

मी दोन्ही हातांनी घेतली आणि ठेवली. अजून तिथंच आहे. बुरशी धरू नये म्हणून अधूनमधून उन्हात काढते. विचारून.